लुटीचं वाण

वासी उत्तरायणही सरली
आणि सोळा तारखेला सकाळी
धाब्यावर, टाकीमागे, अँटेनाच्या काटक्यांत,
खालच्या शिर्क्यांच्या तुळशीत
मोजून सदतीस पतंग निघाले.
आमचा त्यात एकही नव्हता.
भार्गवला अजून उडवता येत नाही,
तो नुसता "लपेट!" ओरडतो, कुणाचाही कटला तरी.

ह्यांच्या मकरपुऱ्याच्या कारखान्यात
महिन्यातले अकरा दिवस मशीन बंद.
मी वहीत दोनदा बेरीज केली,
पस्तीस बायका, वाण तीस रुपयांचं धरलं तरी –
आणि पान उलटलं.
शमीनं पाहिलं. नऊ वर्षांची आहे, बेरीज येते तिला.
म्हणाली, "आई, हे पतंग आपण लुटले ना?
मग तेच लुटू या."

इतकी वर्षं मराठी बोलते मी,
कधी लक्षातच आलं नव्हतं.
पळून जाऊन धरणं आणि ओंजळीनं देणं,
दोन्हीला एकच शब्द.
जिन्यात हंसाबेनला समजावायला गेले,
तर ती हसली, "तमे मराठी लोको!"
आणि उंधियूचं पातेलं परत मागितलं.

मग रथसप्तमीपर्यंत आमच्या घरात
जेवायला बसायची जागा नव्हती.
कामट्या एकीकडे, कागद एकीकडे,
मधे मैद्याची खळ, तिच्यात मुंग्या.
भार्गव बाबांचे कारखान्यातले हातमोजे घालून
मांजा गुंडाळत होता पुठ्ठ्यावर,
कबुतराच्या पंखात जाऊ नये म्हणून.
मोजे कोपरापर्यंत यायचे त्याला.
जांभळा कागद ओल्या हाताला रंग सोडतो
हे आम्हाला तिसऱ्या पाकिटाला कळलं,
तोवर भिंतीवर, फ्रिजवर, दुधाच्या पिशवीवर
पाच बोटं.

एका हिरव्या पतंगावर बॉलपेननं लिहिलं होतं,
"नीरव. चोथो माळ. परत आपजो."
शमीनं त्याला कात्री लावू दिली नाही.
मांडवीपासून राजमहालापर्यंत
चौथे मजले किती, देव जाणे.
तो खिळ्याला टांगलाय, अजून.

हळदीकुंकवाला चौतीस जणी आल्या.
पाकिटात दोन तिळाच्या वड्या,
वर कामटीची चिमुकली कमान, धरायला.
घोरपडेवहिनींनी, ज्या दरवर्षी स्टीलची वाटी देतात,
पाकीट उलटून पाहिलं, विचारलं, "कुठनं आणलीत? खंडेराव मार्केट?"
मी तोंड उघडायच्या आत
भार्गव म्हणाला, "आभाळातनं पडलं. फुकट!"
सगळ्या हसल्या.
मीही हसले, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला उतरले,
तर दुसऱ्या वळणावर, कठड्याच्या खाली
तीन पाकिटं पडलेली. वड्या खाल्लेल्या.
एकावर चपलेची नक्षी.
मी ती पदराखाली घेतली,
वर येऊन गव्हाच्या डब्यामागे सरकवली,
आणि मुलं उठली तेव्हा
गॅसकडे तोंड करून उभी राहिले.

हंसाबेनच्या दारामागे मात्र
लाल पाकिटात विजेचं बिल खोचलेलं दिसतं.
ते मी शमीला दोनदा दाखवलं,
मुद्दाम, पातेलं परत करायला तिला पाठवून.

होळीच्या आधी गहू चाळायला काढले.
डबा ओढला तर मागे काहीच नाही.
भार्गवनं हळूच आपलं दप्तर उघडलं.
तिन्ही पाकिटं, वहीत दाबून सपाट केलेली,
चपलेच्या नक्षीवर पिवळा तुकडा चिकटवलेला.
"फाटली नव्हती गं फार," तो म्हणाला,
"पुढच्या वर्षी बत्तीसच करावी लागतील."

मी बेरीज तपासली.
एक जास्त होत होती.
"असू दे," शमी म्हणाली, "नीरवला."